पाचशे मीटरचं वर्तुळ

किरोव हे रशियातलं शहर मॉस्कोच्या ईशान्येला व्यात्का नदीच्या काठी वसलं आहे. जानेवारीत तिथे दिवस जेमतेम सात तासांचा असतो. 2024 च्या जानेवारीत तापमान उणे तीस अंशांच्या आसपास उतरलं होतं. त्या थंडीत, 11 जानेवारीला, येकातेरिनबुर्गहून सेंट पीटर्सबर्गला निघालेली लांब पल्ल्याची गाडी किरोव स्टेशनात थांबली. एका डब्यात ट्विक्स नावाचा तांबूस-पांढरा बोका प्रवासाच्या पेटीतून निसटून मोकळा हिंडत होता. डब्याच्या महिला कर्मचाऱ्याला वाटलं, कुठलं तरी भटकं मांजर गाडीत शिरलंय. तिने त्याला उचललं, खाली सोडलं आणि गाडी पुढे निघून गेली.

बातमी पसरली तशी किरोवमधली शेकडो माणसं बर्फात उतरली. शोधून देणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर झालं. 20 जानेवारीला ट्विक्स सापडला, पण मेलेला. अंगावर चाव्याच्या खुणा होत्या, असं बातम्यांत आलं. कर्मचारी महिलेवर कारवाई व्हावी या मागणीवर तीन लाखांवर लोकांनी सह्या केल्या, रेल्वेने माफी मागितली आणि गाडीत सापडलेला प्राणी कर्मचाऱ्यांनी परस्पर खाली उतरवू नये, असा फेरबदल नियमांत केला.

ही गोष्ट साधारणपणे निष्ठुरपणाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. आपल्याला मात्र तिच्यातली वेगळी गोष्ट हवी आहे. ट्विक्सचं शव स्टेशनपासून किलोमीटरभराच्या आतच होतं. नऊ दिवस, शेकडो माणसं आणि एवढंसं अंतर. ‘काखेत कळसा’ची आठवण होते, पण ती म्हण इथे शोधणाऱ्यांवर अन्याय करील. कडाक्याच्या हिवाळ्यात जवळचं मांजर न दिसणं हा निष्काळजीपणा नसतो. मांजराचा स्वभाव, बर्फ आणि थंडी या तिघांनी मिळून ते लपवलेलं असतं.

मांजर किती लांब जातं, याची बऱ्यापैकी मोठी मोजणी 2018 साली ‘ॲनिमल्स’ या नियतकालिकात छापून आली. हरवलेल्या 1210 मांजरांची माहिती मालकांकडून प्रश्नावलीतून घेतली होती. सापडलेल्या मांजरांपैकी 75 टक्के मांजरं निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आत होती. सदैव घरातच राहणाऱ्या मांजरांचा हिशेब आणखी आखूड निघाला: त्यांच्यातली 75 टक्के 137 मीटरच्या आत सापडली. बाहेर हिंडायची सवय असलेल्यांसाठी तोच आकडा 1609 मीटर, म्हणजे एक मैल. वर्षभरात एकूण 61 टक्के मांजरं सापडली, 34 टक्के पहिल्या सात दिवसांत मालकाला जिवंत मिळाली, आणि नव्वद दिवसांनंतर जिवंत सापडलेली मोजकीच होती. माहिती आपणहून पुढे आलेल्या लोकांची आहे, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ मानू नयेत. पण शोधाचा नकाशा कुठून काढायचा, हे त्यांच्यावरून ठरवता येतं. घरकोंबडं मांजर निसटलं असेल तर पहिले दोन दिवस शेजारच्या पाच-सात घरांपलीकडे जाऊ नये. गाडी काढून चौकाचौकांत फिरण्यात वेळ जातो आणि आपण काहीतरी करतोय एवढं समाधान मिळतं.

या अभ्यासाच्या लेखकांत कॅट अल्ब्रेक्ट हे नाव आहे. ही कॅलिफोर्नियातली माजी पोलीस अधिकारी ब्लडहाउंड जातीच्या शोधकुत्र्यांबरोबर काम करायची. तिचाच कुत्रा हरवला आणि दुसऱ्या शोधकुत्र्याच्या मदतीने सापडला. माणसांच्या शोधात वापरतात त्या रीती पाळीव प्राण्यांसाठी का वापरू नयेत, या प्रश्नाने मग तिला पछाडलं. 2004 साली तिने ‘द लॉस्ट पेट क्रॉनिकल्स’ हे पुस्तकही लिहिलं. तिच्या सांगण्याचा गाभा असा: अनोळखी जागी येऊन पडलेलं मांजर पळत सुटत नाही. पहिला आडोसा दिसेल तिथे ते शिरतं आणि गप्प बसतं. उंदरांसाठी ते शिकारी असलं, तरी कुत्र्या-कोल्ह्यांसाठी स्वतःच शिकार आहे. आवाज केला की ठावठिकाणा कळतो. जखमी असेल तर ते आणखी मुकं होतं. भूक-तहान भीतीवर मात करते तेव्हाच ते बाहेर पडतं, आणि कित्येकदा त्याला दहा-बारा दिवस लागतात.

उन्हाळ्यात हा दहा-बारा दिवसांचा मुक्काम मांजराला एकवेळ परवडतो. उणे तीसमध्ये परवडत नाही. लपून राहण्याची जी सहजप्रवृत्ती त्याला एरवी वाचवते, तीच हिवाळ्यात त्याचा घात करते. म्हणून “भूक लागली की येईल आपणहून” हा सल्ला, एरवी कितीही खरा असला, तरी इथे धोक्याचा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन भागात झालेल्या आणि 2007 साली छापलेल्या एका पाहणीत सापडलेल्या मांजरांपैकी 66 टक्के खरोखरच आपल्या पायांनी घरी परतली होती. तो आकडा मनाला धीर देतो, पण त्या भरवशावर हिमवादळाच्या रात्री दार लावून झोपता येत नाही.

हाका मारण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका यांनी घरातल्या वीस मांजरांना अनोळखी माणसांचे आणि मालकाचे आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवले. 2013 साली त्याचे निष्कर्ष आले. मालकाचा आवाज मांजरं ओळखत होती. कान वळवत होती, मान फिरवत होती. पण ओरडून किंवा शेपटी हलवून प्रतिसाद फारसा कुणी दिला नाही. हे सगळं स्वतःच्या उबदार घरात, कसलीही भीती नसताना. तेव्हा अंगणात उभं राहून दहा हाका मारल्या आणि उत्तर आलं नाही, यावरून मांजर तिथे नाही असा निष्कर्ष काढू नये. ते तिथेच, चार हातांवर, सगळं ऐकत ओ न देता बसलेलं असू शकतं. हाक मारावी, पण हळू, रोजच्या जेवणाच्या वेळच्या सुरात, आणि प्रत्येक हाकेनंतर हाकेपेक्षा जास्त वेळ गप्प राहून कानोसा घ्यावा.

आता थंडीकडे येऊ. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. हा उन्हाळी, कोरड्या मुलखातला वारसा आहे. मांजराच्या शरीराचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं, आणि जादा ऊर्जा न खर्चता ते टिकवायला भोवतालची हवा सुमारे 30 ते 38 अंश असावी लागते. पुण्यातला एप्रिल त्याला मानवतो म्हणा ना. सैबेरियन, नॉर्वेजियन फॉरेस्ट, मेन कून या जातींची दाट लव थंडीत बरंच तारून नेते. दिवाणखान्यात वाढलेल्या आखूड केसांच्या मांजराकडे ती नसते. ते अंगाचं मुटकुळं करतं, केस फुलवतं, थरथरतं. थरथरण्याला इंधन लागतं आणि लपलेल्या मांजराच्या पोटात ते नसतं. कानांची टोकं, शेपटीचा शेंडा आणि पंजे सर्वांत आधी गोठतात. शरीर फार गार पडलं की थरथर थांबते, हृदय मंदावतं, गुंगी येते. म्हणजे थरथर थांबलेलं मांजर बरं झालेलं नसतं, ते पुढच्या पायरीवर घसरलेलं असतं. त्यातही ओल सर्वांत वाईट. कोरड्या उणे दहापेक्षा शून्याच्या आसपासचा भिजवणारा पाऊस-बर्फ मांजराला जास्त लवकर गारठवू शकतो, कारण भिजलेल्या केसांत हवा अडकून राहत नाही.

बर्फ मात्र पुरता शत्रू नाही. ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे बहुतांशी हवाच, एखाद्या गोधडीसारखा. वर उणे तीस असताना जाड थराखाली, जमिनीलगत, तापमान शून्याच्या जरासंच खाली राहू शकतं. उंदीर-चिचुंद्र्या उत्तरेकडचा हिवाळा तिथेच काढतात. लाकडी ओट्याखाली, पायऱ्यांच्या पोटात किंवा घराखालच्या पोकळीत शिरलेलं मांजर त्यामुळे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त तग धरतं. अडचण अशी की वरून आणखी बर्फ पडला, किंवा रस्ता साफ करणाऱ्या गाडीने कडेला ढीग लोटला, की आत शिरायची फट बुजते. मांजर आत सुरक्षित आणि आतच कोंडलेलं. म्हणून हिमवृष्टी थांबल्यावर पहिलं काम खोऱ्याचं: आपल्या आणि शेजाऱ्यांच्या ओट्यांच्या, पायऱ्यांच्या, शेडच्या बुजलेल्या फटी मोकळ्या करणं. शेजाऱ्याला विचारताना “आमचं मांजर दिसलं का?” हा प्रश्न कमी उपयोगाचा, कारण लपलेलं मांजर कुणालाच दिसत नाही. “तुमच्या गॅरेजमध्ये, ओट्याखाली मी स्वतः वाकून बघू का?” असं विचारावं. काही दिवसांपूर्वी दार पाचच मिनिटं उघडं राहिलेल्या गॅरेजमध्ये मांजर अडकून पडल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

आणि बाहेर पडण्याआधी घर तपासावं. दार उघडं राहिलं म्हणून मांजर बाहेर गेलंच, असं नाही. न्यू जर्सी, टोरांटो, शिकागो इथल्या ज्या मराठी घरांत आता मांजरं नांदतात, ती बहुधा सदैव घरातली. त्यांच्यासाठी सोफ्याच्या फाटक्या अस्तरात, कपाटाच्या वरच्या फळीवर, स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या खालच्या पोकळीत आधी टॉर्च मारावा. कपडे वाळवायचं यंत्र सुरू करण्याआधी आत हात घालून बघावा. उबदार कपड्यांत मांजर शिरून बसतं आणि ही चूक जिवावर बेतते. अपार्टमेंट असेल तर तळघर, बॉयलरची खोली, कपडे धुण्याची सामायिक खोली, पार्किंग. ऊब जिथे, मांजर तिथे.

या उबेच्या ओढीनेच ते गाडीच्या बॉनेटखाली जातं. नुकतीच उभी केलेली गाडी म्हणजे त्याच्यासाठी चालती-बोलती शेगडी, फक्त ती पुन्हा सुरू झाली की पंख्यात आणि पट्ट्यात जीव जातो. जपानमध्ये निस्सान कंपनीने 2015 साली ‘नेको बानबान’ नावाची मोहीम काढली. नेको म्हणजे मांजर, बानबान म्हणजे थाप मारल्याचा आवाज. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, एवढंच सांगणं. मुंबईत पावसाळ्यात सोसायटीतल्या मांजरांची हीच सवय असते, तेव्हा हा रिवाज आपल्याकडेही चालेल. हरवलेल्या मांजराच्या शोधात मात्र थापा पुरत नाहीत. आळीतल्या प्रत्येक गाडीवाल्याला सकाळी निघण्याआधी बॉनेट उघडायला सांगावं लागतं. गाड्यांचा दुसरा धोका रेडिएटरमध्ये घालायच्या गोठणरोधक द्रवाचा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल मांजराच्या दर किलो वजनामागे दीड मिलिलिटरच्या आतच प्राणघातक ठरतं आणि उतारा पहिल्या तीन तासांत द्यावा लागतो. गॅरेजमध्ये कोंडून राहिलेलं मांजर डगमगत चालत असेल तर ते थंडीने की विषाने, हे डॉक्टरलाच ठरवू द्यावं.

बर्फाने शोधणाऱ्याला दिलेली देणगी म्हणजे पावलं. मांजराचा ठसा गोलसर, तीन-चार सेंटिमीटर रुंद, चार बोटांचा असतो. नख्या आत ओढलेल्या असल्याने त्यांच्या खुणा उमटत नाहीत. कुत्र्या-कोल्ह्यांच्या ठशांत नख्या दिसतात आणि त्यांचा आकार लांबट असतो. मांजर मागचा पंजा पुढच्याच्या ठशात टाकत चालतं, त्यामुळे चार पायांच्या जनावराची वाट दोन पायांची वाटते. बर्फ पोटापर्यंत असेल तर ही रेघ मोडते आणि उड्यांचे खड्डे दिसतात. हिमवृष्टी किती वाजता थांबली ते लिहून ठेवावं. त्यानंतरचा प्रत्येक ठसा त्या वेळेनंतरचाच असणार. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एखाद्या ओट्याखाली आत जाणारी आणि परत न येणारी पावलं. पण हे सगळं वाचायला मिळतं ते पहिल्या माणसालाच. मदतीला धावून आलेल्या पन्नास जणांच्या बुटांखाली ही लिपी तासाभरात पुसली जाते, आणि त्यांच्या गलक्याने मांजर आणखी आत सरकतं. माझ्या मते हिवाळ्यातल्या शोधात दोन सावध माणसं पन्नास उत्साही माणसांपेक्षा बरी. बाकीच्यांनी पत्रकं लावावीत, प्राण्यांच्या निवाऱ्यांना फोन करावेत, चहा करावा.

रात्री टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरावा, कमरेशी नव्हे. मांजराच्या डोळ्यातल्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो आणि तो प्रकाश आला त्याच दिशेला परत जातो. टॉर्च खाली असेल तर चमक आपल्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही. उष्णता टिपणारा कॅमेरा थंडीत छान काम करतो, कारण गारठलेल्या पार्श्वभूमीवर उबदार जीव उठून दिसतो, पण भिंतीच्या, काचेच्या किंवा बर्फाच्या थराच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. कानांचं गणित जरा गमतीचं आहे. निरभ्र, निवांत, कडक थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा गार असते आणि आवाज खाली वळून लांबवर जातो. पण जमिनीवर ताजा भुसभुशीत बर्फ असेल तर तोच आवाज शोषून घेतो. म्हणून बर्फाचा वरचा थर कडक झाल्यावर, वारा पडल्यावर, पहाटेच्या सुमारास कान देऊन उभं राहावं. वासाचंही तेच. गोठत्या हवेत वासाचे रेणू कमी सुटतात, त्यामुळे दारात ठेवलेला मालकाचा सदरा मैलभर दरवळेल ही आशा व्यर्थ. बांगडा किंवा ट्यूना गरम करून ठेवावा, आणि तो गोठला की बदलावा.

पकडपिंजरा लावायचा असेल तर एक नियम मोडू नये: या थंडीत तो लावून झोपायला जायचं नाही. लोखंडी जाळीत अडकलेल्या मांजराला वाऱ्यापासून पळता येत नाही. पिंजऱ्यावर जाड कापड टाकावं, आत पेंढा घालावा आणि थोड्या थोड्या वेळाने तो बघावा. निवाऱ्यासाठी ठेवलेल्या खोक्यातही पेंढाच हवा. चादरी आणि जुने स्वेटर मायेने घातले जातात, पण ते ओल धरतात आणि गोठतात. पेंढ्याच्या पोकळ काड्यांत हवा राहते आणि मांजर त्यात घुसून बसतं. खोका लहान असावा, म्हणजे अंगाच्याच उबेने तापेल. मोठ्या खोक्यात मांजर नुसतं कुडकुडत बसतं.

शोधणाऱ्याचं शरीरही हाडामांसाचंच असतं. 2022 च्या नाताळात न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरावर आलेल्या हिमवादळात विमानतळावर 130 सेंटिमीटरहून अधिक बर्फ पडला, वाहनबंदी लागली आणि त्या परगण्यात 47 माणसं दगावली, काही आपल्या गाड्यांत अडकून. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे चाळीसच्या खाली गेली की उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. अशा तासांत मांजरासाठी दार सोडू नये. वारा उतरला की निघावं, कुणाला तरी सांगून निघावं. फोन आणि टॉर्चच्या बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात, त्या आतल्या खिशात अंगाशी ठेवाव्यात.

समजा, मांजर सापडलं. ताठ, गार, डोळे निस्तेज. मेलं म्हणून गुंडाळून ठेवण्याआधी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या कॅलिस्पेल गावची फ्लफी आठवावी. 31 जानेवारी 2019 रोजी ती बर्फाच्या ढिगाऱ्यात बर्फाने माखलेली सापडली. दवाखान्यात नेली तेव्हा तिचं तापमान थर्मामीटरच्या सर्वांत खालच्या आकड्याच्याही खाली होतं. कोमट पाणी, गरम हवा, तापवलेले टॉवेल, शिरेतून द्रव असे उपचार करत डॉक्टरांनी तिला हळूहळू वर आणलं आणि ती घरी परतली. गारठलेल्या शरीरात हृदय इतकं मंद चालतं की हाताला कळत नाही. त्यामुळे अशा मांजराला ऊब देऊन झाल्याशिवाय मृत्यूचा निर्णय देऊ नये, हा वैद्यकातला जुना संकेत आहे.

फ्लफीवरचे उपाय दवाखान्यातले होते, ते घरी करू नयेत. घरी एवढंच करावं: ओलं अंग हलक्या हाताने टिपावं, कोरड्या टॉवेलात गुंडाळावं, कोमट पाण्याची बाटली कापडात लपेटून धडाशी ठेवावी आणि डॉक्टरकडे निघावं. पाय आणि कान चोळू नयेत. एक तर गोठलेली कातडी चोळल्याने फाटते. शिवाय हातापायांच्या शिरा एकदम उघडल्या तर तिथलं गार रक्त हृदयाकडे धावतं आणि रक्तदाबही घसरतो. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराला, विशेषतः लठ्ठ असलेल्याला, यकृतात चरबी साचण्याचा विकार जडू शकतो. म्हणून दिसायला ठणठणीत परतलेलं मांजरही तपासून घ्यावं, आणि पहिल्याच दिवशी आनंदाने ताटभर वाढू नये.

निवाऱ्यात किंवा अनोळखी घरी पोचलेल्या मांजराची ओळख पटते ती मानेच्या कातडीखालच्या तांदळाएवढ्या चिपमुळे. तिच्यात पंधरा अंकांचा क्रमांक असतो; बॅटरी नसल्याने थंडीत ती बंद पडत नाही, पण ठिकाणाही सांगत नाही. इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून पाळीव मांजरांना ती सक्तीची झाली. चिप असूनही फोन नंबर जुनाच राहिल्याने मांजर घरी पोचत नाही असं होतं, तेव्हा हिवाळ्याआधी नोंद तपासलेली बरी.

घरी दुसरं मांजर असेल तर आणखी एक विचित्र प्रसंग ओढवतो. आठवडाभर बर्फातून, गॅरेजमधून आणि मग दवाखान्यातून आलेल्या मांजराच्या अंगाला घरचा वास उरलेला नसतो. काल-परवापर्यंत ज्याच्या पाठीला पाठ लावून ते झोपायचं, ते दुसरं मांजर आता त्याच्यावर फिस्कारतं, कधी पंजाही मारतं. परतलेल्याला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवावं, दोघांची अंथरुणं अदलाबदल करावीत आणि जेवणाची भांडी दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवावीत. घरातल्या माणसांना हा तंटा मनाला लागतो, पण बहुतेक वेळा तो थोड्याच दिवसांत मिटतो.